डोंगर आणि चरणारी गुरं : रोमँटिक वळणाचं जलरंग निसर्गचित्र टप्प्याटप्प्याने

या प्रकारच्या चित्रात डोंगराची उंची गुरं ठरवतात. कागदावर डोंगर कितीही मोठा काढा, त्याच्या पायथ्याशी बोटभर लांबीची गाय उभी केली की त्याचं टेकाड होतं. तीच गाय दीड सेंटिमीटरची केली की मागचा डोंगर अंगावर येतो. नवशिके नेमके उलटे जातात. आधी मन लावून डोंगर रंगवतात आणि मग मोकळ्या राहिलेल्या हिरवळीवर दोन-चार गाई चिकटवतात. खाली दिलेल्या पद्धतीत गुरांची जागा आणि माप अगदी सुरुवातीला ठरतं. रंग मात्र त्यांना सर्वांत शेवटी मिळतो.

हे रोमँटिक वळण इंग्लंडात साधारण १७९० ते १८४० या काळात घडलं. त्याआधी तिथे जलरंग म्हणजे बहुतेक वेळा रेखाटनावर चढवलेला पातळ करडा हात एवढंच होतं. टॉमस गर्टिन आणि टर्नर यांनी थरावर थर देत, रेषेऐवजी रंगाच्या गडद-फिकटपणातून डोंगर उभे केले. त्यांच्या मागोमाग कॉटमन, डी विंट, डेव्हिड कॉक्स आले. १८०४ मध्ये लंडनमध्ये जलरंगकारांनी स्वतःची वेगळी संस्था काढली. तिच्या संस्थापकांत रॉबर्ट हिल्स होता, गुराढोरांच्या आणि हरणांच्या अभ्यासचित्रांसाठी नाव कमावलेला. तुमच्या चित्रात पेन्सिलीची रेष बोलू लागली की तुम्ही १७९० च्या मागे गेलात, एवढं लक्षात ठेवा.

कोणता देखावा

सरावासाठी उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला एक देखावा घेऊ. डर्वेंटवॉटर तळ्याच्या दक्षिणेला, बॉरोडेल दरीच्या तोंडाशी एका उंचवट्यावर उभं राहून उत्तरेकडे पाहायचं. टर्नर या भागात १७९७ मध्ये हिंडला, जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने १८०६ च्या शरदात याच दरीत जलरंग केले. समोर दूर स्किडॉ (९३१ मीटर), डावीकडे कॅटबेल्सची धार (४५१ मीटर), उजवीकडे वॉला क्रॅगच्या बाजूचे कडे, मध्ये तळ्याची पट्टी आणि पायाशी सपाट कुरण.

वेळ संध्याकाळची. उत्तरेकडे तोंड असल्याने सूर्य डाव्या हाताला येतो. म्हणजे कॅटबेल्सची आपल्याकडची बाजू सावलीत, उजवीकडचे कडे उन्हात, स्किडॉची डावी अंगं उजळ आणि घळी सावलीत. हे एकदा ठरलं की चित्र संपेपर्यंत बदलायचं नाही. अर्ध्यावर सूर्याची बाजू विसरणं ही फार नेहमीची चूक आहे, आणि ती गाईंच्या सावल्यांत लगेच पकडली जाते. कागदाच्या कडेला पेन्सिलीने छोटा बाण काढून ठेवा.

दगडाचा प्रकारही आधीच माहीत हवा, कारण ब्रश कसा चालवायचा ते त्यावर ठरतं. स्किडॉ आणि कॅटबेल्स जुन्या पाटीच्या दगडाचे आहेत. त्यांचे उतार गोलसर आणि गुळगुळीत. तिथे ओला, सलग वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा थर. उजवीकडचे कडे ज्वालामुखीच्या खडकाचे, फुटलेले आणि खडबडीत. तिथे कोरडा ब्रश. दोन्हींना एकच हात लावला की दोन डोंगर एकाच मातीचे होतात आणि देखावा निर्जीव दिसतो.

सामान

कागद: १०० टक्के कापसाचा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत पृष्ठभागाचा), पाव इम्पीरियल म्हणजे २८ × ३८ सेंटिमीटर. या पद्धतीत रंग परत उचलावा लागतो, खरवडावा लागतो. त्या काळचे चित्रकार हे बिनधास्त करू शकत, कारण व्हॉटमनचा कागद चिंध्यांपासून केलेला आणि जिलेटिनच्या खळीने कडक केलेला असे. आर्श किंवा सॉन्डर्स वॉटरफर्ड या कागदांवर आजही ते जमतं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद दुसऱ्यांदा घासला की केसाळ होतो. पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, कागदात नको.

ब्रश: २५ मिमीचा चपटा, गोल १२, ८ आणि ४ नंबर, आणि बारीक रेषांसाठी २ नंबरचा रिगर. कोरड्या हातासाठी केस पसरलेला एखादा जुना ब्रश.

रंग आठ पुरतात: यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, बर्न्ट अंबर, फ्रेंच अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू आणि पर्मनंट अलिझरिन. ट्यूब आर्टिस्ट दर्जाच्या घ्या. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी पर्याय असतो, आणि त्याचं मिश्रण खाली सांगितल्याप्रमाणे होईलच असं नाही. साधं अलिझरिन क्रिम्झन उजेडात उडतं, म्हणून पर्मनंट लिहिलेलंच पाहा.

त्या काळच्या पेटीत इंडियन यलोही असे, आणि तो आपल्याकडून जाई. बिहारमध्ये मुंगेरजवळ मिर्झापूरला गाईंना आंब्याची पानं खाऊ घालून त्यांच्या मूत्रापासून हा रंग बनवतात, अशी नोंद १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी केली. आज त्या नावाच्या ट्यूबमध्ये कृत्रिम रंगद्रव्य असतं. या चित्राला त्याची गरज नाही. रॉ सिएना पुरेसा ऊबदार आहे.

बाकी: १२ मिमी प्लायवूडचा बोर्ड, पाणी लावून चिकटणारी ५ सेंमी रुंद कागदी टेप, दोन भांडी पाणी (एक ब्रश धुवायला, दुसरं रंग कालवायला), जुना सुती कपडा, स्पंज, धारदार पातं आणि एचबी पेन्सिल.

कागद ताणून घ्या

कागद स्वच्छ पाण्यात ५ मिनिटं बुडवा, कोपऱ्याला धरून निथळू द्या, बोर्डावर पसरा. चारही कडांवर टेप लावा. अर्धी कागदावर, अर्धी लाकडावर. बोर्ड आडवाच वाळवा. उभा ठेवला तर पाणी खालच्या कडेला उतरतं आणि तिथली टेप सुटते. वाळायला ऑक्टोबरात एक रात्र पुरते, पावसाळ्यात चोवीस तास धरा.

पावसाळ्याचा आणखी एक त्रास: दमट कपाटात पडून राहिलेल्या कागदाची खळ जागोजागी मरते. वॉश दिला की त्या ठिकाणी रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो आणि गडद ठिपके उठतात. मग काही उपाय नाही. कागद आणल्याबरोबर हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. सुरू करण्याआधी कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब सोडून पाहा. तो काही क्षण फुगलेला राहिला तर कागद चांगला आहे.

आधी छोटा आराखडा

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चौकटीत, फक्त तीन छटांत. कोरा कागद म्हणजे उजेड, मधला करडा आणि गडद. कॅटबेल्स गडद. स्किडॉ मधला, पण फिकटाकडे झुकलेला. कुरणात पुढे सावलीची एक पट्टी, तिच्या मागे उन्हाची पट्टी, त्यामागे पुन्हा सावली. गुरं उन्हाच्या पट्टीत. अठराव्या शतकातले हौशी लोक देखावा काळपट बहिर्गोल आरशात पाहत, म्हणजे बारीकसारीक तपशील गळून मोठे छटासमूह उरत. फोनचा कॅमेरा ब्लॅक अँड व्हाइटवर ठेवला आणि डोळे किलकिले केले की तेच काम होतं. तीन छटांत चित्र उभं राहत नसेल तर आठ रंगांतही राहणार नाही. आराखडा पुन्हा करा.

रेखाटन : डोळ्याची रेषा आणि गुरांचं माप

सगळ्यात काळजीने करायचा टप्पा हाच.

कागद आडवा. खालच्या कडेपासून ११ सेंमीवर अगदी हलकी आडवी रेष काढा. ही डोळ्याची पातळी. तळ्याचा पलीकडचा काठ जवळजवळ याच रेषेला लागतो. अलीकडचा काठ तिच्या खाली फक्त अर्धा सेंटिमीटर. तळं एवढंच? हो. नवशिके ते तीन-चार सेंमी रुंद काढतात. तेवढं पाणी दिसायला बघणारा कड्यावर चढलेला हवा, आणि मग कुरणातली गाय माणसाच्या उंचीवरून दिसली तशी काढून चालत नाही. तळं आणि गाई वेगवेगळ्या उंचीवरून पाहिल्यासारख्या झाल्या की चित्रात काहीतरी खटकतं, पण काय ते सापडत नाही.

स्किडॉचं शिखर डाव्या कडेपासून २३ सेंमीवर, खालून १८ सेंमी उंचीवर. म्हणजे डोळ्याच्या रेषेच्या वर ७ सेंमी. प्रत्यक्ष माप काटेकोर घेतलं तर एवढ्या अंतरावरून स्किडॉ या कागदावर जेमतेम साडेतीन-चार सेंमी भरतो. त्या काळचे चित्रकार डोंगर सर्रास दीडपट-दुप्पट उंच करत, बाजूचे कडे आत ओढत. आपणही दोन्ही करतोय. कॅटबेल्सची धार डाव्या कडेला २० सेंमी उंचीवरून सुरू होऊन १३ सेंमी आडव्या अंतरावर तळ्याला टेकते. उजवे कडे उजव्या कडेला १६ सेंमी उंचीवरून उतरत डावीकडून ३१ सेंमीवर संपतात.

आता गुरं. इंग्लिश गाय खांद्यापाशी साधारण १.३ मीटर धरा. आपण उभे आहोत तो उंचवटा असा, की आपले डोळे कुरणापासून ६.५ मीटर वर आहेत. ६.५ हे १.३ च्या पाचपट. म्हणून सपाट कुरणात गाय कुठेही उभी असो, तिची उंची म्हणजे तिच्या पायापासून डोळ्याच्या रेषेपर्यंतच्या अंतराचा पाचवा भाग. पाय खालून ३.५ सेंमीवर असतील तर अंतर ७.५, गाय १.५ सेंमी. पाय ५.५ वर, तर गाय १.१ सेंमी. पाय ९ वर, तर फक्त ४ मिलिमीटर. प्रत्येक गाईसाठी हा भागाकार करा. अंदाजाने काढलेली लांबची गाय हमखास मोठी होते.

उंचवटा न घेता कुरणातच उभं राहिलात तर डोळे १.६ मीटरवर येतात आणि जवळच्या-लांबच्या सगळ्या गाईंच्या पाठी डोळ्याच्या रेषेखाली एकाच उंचीला गोळा होतात. कळप दाटीचा दिसतो, खोली मरते. उंचवट्याचा आग्रह त्यासाठीच.

किती गुरं, कशी उभी? विल्यम गिल्पिन या इंग्लिश पाद्र्याने, ज्याच्या प्रवासवर्णनांनी देखावा पाहण्याची ही रीत घालून दिली, १७८६ मध्ये त्याचा सरळ नियम सांगितला: दोन जनावरांचा गट जमत नाही, तीन जवळपास नक्की जमतो, आणि चार असतील तर तिघांना एकत्र ठेवून चौथं बाजूला काढा. याहून चांगला नियम अजून कोणी दिलेला नाही. आपले तीन पुढे, डावीकडून १२ ते १८ सेंमीच्या पट्ट्यात, पाय ३.५ ते ४ सेंमीवर. एकमेकांना थोडे झाकणारे. चौथी गाय २६ सेंमीवर, पाय ५.५ वर. खूप मागे चार-पाच ठिपके. ठिपक्यांतही मापाचा नियम पाळा.

गाय काढताना

मराठी हात गाय काढायला लागला की नकळत खिलार काढतो: वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, उंच काटक पाय. इंग्लिश गुरांना वशिंड नसतं. पाठ मानेपासून शेपटीपर्यंत जवळजवळ सरळ, मान जाड आणि आखूड, पोळी नावापुरती, पाय आखूड, पोट खाली उतरलेलं. आधी एक आडवा चौकोन काढा, उंचीपेक्षा लांबी थोडी जास्त. पोटाची रेष चौकोनाच्या निम्म्याच्या किंचित खाली येते. मागे कमरेचं हाड कोपऱ्यासारखं वर दिसतं, तिथे पाठीला छोटा खाच द्या. एवढ्या एका खाचेने ठोकळ्याची गाय होते.

चरणाऱ्या गाईची मान पाठीपासून खाली वळते आणि तोंड जमिनीला टेकतं. बहुतेक वेळा एक पुढचा पाय पुढे टाकलेला असतो, नाहीतर तोंड खाली पोचत नाही. मागच्या पायाचा सांधा मागच्या बाजूला वळतो. तो पुढे वळवला तर गाय बसायला निघाल्यासारखी दिसते. चार सुटे पाय काढू नका. पुढचे दोन मिळून एक आकार, मागचे दोन मिळून दुसरा, मध्ये उजेडाची फट. खूर काढायचेच नाहीत, ते गवतात आहेत. चरताना कळपातली बरीचशी जनावरं एकाच दिशेला तोंड करून असतात. आपल्या तिघांपैकी दोन उजवीकडे चरणारी, एक मान वर करून बघणारी असावी.

हे सगळं आधी वेगळ्या कागदावर, ३ सेंमीच्या मापाने, पंधरा-वीस वेळा काढून हात बसवा आणि मगच मूळ कागदावर दीड सेंमीत उतरवा.

तिन्ही गाईंच्या उन्हातल्या पाठींवर केसाएवढी मास्किंग फ्लुइडची (खालच्या कागदाला रंग लागू न देणारा, नंतर चोळून काढायचा रबरी द्राव) रेघ द्या. जुना ब्रश साबणात बुडवून मग वापरा, नाहीतर तो कायमचा गेला. मास्किंग एक-दोन दिवसांत काढलंच पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते लवकर घट्ट बसतं आणि निघताना कागदाची साल घेऊन येतं.

पहिला ऊबदार वॉश

संपूर्ण कागदाला एक वॉश. पाव इम्पीरियलला साधारण १५ मिली पाणी लागतं. २० मिली, म्हणजे चार लहान चमचे, कालवून ठेवा. वाटाण्याएवढा यलो ऑकर, त्यात अगदी कणभर लाइट रेड. मधेच रंग संपून पुन्हा कालवला तर छटा जुळत नाही आणि जोड दिसतो. बोर्डाच्या वरच्या कडेखाली ४-५ सेंमी जाडीचं पुस्तक ठेवा. चपट्या ब्रशने वरून आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या खाली जमलेला ओघळ ओढत खाली. आकाशात ढगाच्या एका मोठ्या आकारापुरता आणि तळ्याच्या चकाकीपुरता कागद कोरा सोडा. खाली शेवटचा ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या.

या एका थरामुळे नंतरचे सगळे निळे-करडे रंग एकाच उजेडात बांधले जातात. तो वगळला तर निळा डोंगर आणि हिरवं कुरण एकमेकांशी बोलत नाहीत.

वाळलंय का, हे ओळखणं

पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे लागणार आहे. कागद तिरपा धरून उजेडात पाहा. पाणी चमकत असेल तर रंग मोकळा पसरतो. चमक जाऊन साटिनसारखा मंद तजेला राहिला असेल तर हात लावू नका. या अवस्थेत वॉशपेक्षा ओला ब्रश टेकला की नवं पाणी अर्धवट बसलेला रंग कडेला ढकलतं आणि झालरदार डाग उमटतात. तजेलाही गेला, पण हाताची मागची बाजू लावल्यावर गार लागतं, तेव्हा कागद आतून ओला आहे. गार लागणं थांबलं म्हणजे वाळला.

पुण्यात ऑक्टोबरमध्ये दहा-पंधरा मिनिटांत वाळणारा वॉश जुलैत कोकणात पाऊण तासही रेंगाळतो, आणि ती धोक्याची मधली अवस्थाच लांबते. हेअर ड्रायर चालतो, पण चमक गेल्यावर आणि एक फूट लांबून. मास्किंगवर गरम हवा अजिबात नको. विदर्भात मे महिन्यात उलट अडचण येते, पट्टा पूर्ण होण्याआधी कागद कोरडा पडतो. तिथे सकाळी लवकर काम करा.

आकाश

अल्ट्रामरीनमध्ये थोडा लाइट रेड घातला की या शैलीचा खास ढगाळ करडा मिळतो. वरच्या कोपऱ्यांत निळा, ढगांच्या पोटात करडा, क्षितिजाकडे फिकट. आकाशाचा भाग आधी स्वच्छ पाण्याने ओला करा, पण सोडलेल्या ढगाची उन्हाकडची कड कोरडी ठेवा. त्यामुळे ढगाची एक बाजू टोकदार आणि दुसरी मऊ होते. जलरंग वाळल्यावर स्पष्टपणे फिकट होतो, म्हणून मनात आहे त्यापेक्षा थोडा गडद द्या. आणि दहा मिनिटांत थांबा. आकाश बिघडतं ते जवळजवळ नेहमी ‘अजून थोडं’ करताना.

स्किडॉ

पहिला थर: अल्ट्रामरीन, थोडा लाइट रेड, भरपूर पाणी. माथ्याच्या कडेपासून सुरू करून डोंगराचा सगळा आकार एका दमात भरत खाली या. पायथ्यापासून दोन सेंमी वर आलात की ब्रश धुऊन फक्त पाण्याने पुढे ओढा. पायथा धुक्यात विरला पाहिजे. डोंगर जमिनीला टेकल्याचं दिसलं नाही की डोळा त्याला लांब ढकलतो. या चित्रपद्धतीतली अर्धी भव्यता त्या दोन सेंमीत आहे.

पूर्ण वाळू द्या. दुसरा थर त्याच मिश्रणाचा, किंचित दाट, कणभर अलिझरिनसह, फक्त सावलीतल्या घळी आणि उजव्या अंगांवर. प्रत्येक घळीची उन्हाकडची कड टोकदार ठेवा, सावलीकडची कड ओल्या ब्रशने मऊ करा. घळी शिखराकडून पायथ्याकडे पसरत जातात, समांतर नसतात. समांतर काढल्या तर डोंगराची घडीची छत्री होते. दोन थरांवर थांबा. तिसरा दिला की डोंगर पुढे येतो आणि कॅटबेल्सशी भांडतो.

इथे प्रशियन ब्लू वापरू नका. तो कागदात मुरतो, उचलता येत नाही. अल्ट्रामरीन दाणेदार बसतो आणि ओल्या ब्रशने परत निघतो, त्यामुळे धुकं कमी पडलं तर नंतरही पायथा उजळता येतो.

बाजूचे डोंगर

कॅटबेल्ससाठी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि थोडा प्रशियन ब्लू. ही चित्रातली सर्वांत मोठी गडद जागा, पण काळी नव्हे. ओली असतानाच खालच्या भागात रॉ सिएना सोडा. गवताचा उतार सावलीतही ऊबदार असतो. तजेला जाताना जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने एक-दोन तिरके ओरखडे ओढले की रंग बाजूला सरून उजळ उतार निघतात. फार लवकर ओढलं तर रंग त्या ओरखड्यात परत भरून उलट गडद रेघ होते.

उजवे कडे: आधी रॉ सिएना आणि लाइट रेडचा पातळ थर, वाळल्यावर जुन्या ब्रशने बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन कोरडा फिरवा. ब्रश कपड्याला टिपून, आडवा धरून, हात हलका. कागदाच्या उंचवट्यांवरच रंग बसतो आणि खडक आपोआप फुटलेला दिसतो.

तळं आणि कुरण

तळ्याची पट्टी ८ नंबरच्या ब्रशच्या एका आडव्या फटकाऱ्यात. आकाशाचाच करडा, मध्ये कोऱ्या कागदाची रेघ सोडलेली. दुसऱ्यांदा हात लावू नका.

कुरणाचा हिरवा ट्यूबमधून घेऊ नका. रॉ सिएना आधी, त्यात प्रशियन ब्लू थोडा-थोडा, आणि हिरवा फार बोलू लागला की बर्न्ट सिएनाने त्याला गप्प करा. प्रशियन ब्लूचा जोर फार. रॉ सिएनाच्या दसपटीत तो एक भाग पुरतो. उन्हाची पट्टी जवळजवळ पिवळीच. सावलीच्या पट्ट्या आडव्या, कडा कुठे टोकदार कुठे मऊ. सगळ्यात पुढच्या चार सेंमीत बर्न्ट अंबर वाढवा आणि गवत रंगवण्याचा मोह आवरा. दोन-तीन ठिकाणी रिगरने पात्यांचे झुपके द्या, बाकी मोकळं राहू द्या.

गुरांना रंग

कुरण पूर्ण वाळल्यावर मास्किंग बोटाने चोळून काढा. तीन गाई तीन छटांच्या ठेवा: एक तांबडी (बर्न्ट सिएना, लाइट रेड), एक काळपट (अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर), एक पांढरट. पांढरट गाय मागच्या सावलीच्या पट्टीवर येईल अशी आणि काळपट गाय उन्हाच्या पट्टीवर येईल अशी रेखाटतानाच ठरवलेली हवी. फिकटामागे गडद, गडदामागे फिकट. हे जमलं नाही तर कितीही बारीक काढा, गाय कुरणात बुडते.

४ नंबरचा ब्रश. तांबड्या गाईचं सगळं अंग एका पातळ हाताने भरा, पाठीवरची कोरी रेघ सोडून. वाळू द्या. मग पोट, मानेची खालची बाजू आणि पायांचा आतला भाग एकाच जोडलेल्या सावलीत रंगवा आणि ब्रश न उचलता तीच सावली जमिनीवर उतरवा. संध्याकाळचं ऊन खालच्या कोनातून तिरकं येतं, त्यामुळे जमिनीवरची सावली गाईच्या उंचीच्या तिप्पट लांब, उजवीकडे, आडवी. दीड सेंमीच्या गाईला साडेचार सेंमी. सावली गाईपासून सुटी राहिली की जनावर हवेत तरंगतं. मग कान, शिंगाची एक रेघ, तोंडाचा गडद ठिपका. डोळे नकोत.

पांढरट गाईची सावली करड्या-जांभळ्या रंगात, ढगांच्याच मिश्रणात. मागचे ठिपके एकाच टेकवणीत, तिथे पाय दाखवू नका.

उचलणं, खरवडणं

उजेड कमी पडला असेल तर तो आता परत आणता येतो. ओला ब्रश फिरवा, पाच-सहा सेकंद थांबा, कपड्याने टिपा; कॅटबेल्सच्या उतारावर धुक्याचा पट्टा असा निघतो. त्या काळचे लोक ओलसर रंगावर पावाचा चुरा दाबून रंग उचलत. शिळ्या पावाने आजही छान होतं, फक्त नंतर चुरा नीट झटका, नाहीतर बुरशी धरते. पात्याच्या टोकाने खरवडणं सर्वांत शेवटी आणि कागद खडखडीत वाळलेला असतानाच: तळ्यावर एक-दोन चमका, शिंगांवर एखादं टिंब. ओलसर कागद खरवडला की तंतू उठतात आणि त्या जागी पुन्हा रंग घेतला तर डाग पडतो.

हीच पद्धत घरच्या डोंगरांवर न्यायची असेल तर अकोले-इगतपुरीकडचा कळसूबाईचा (१६४६ मीटर) परिसर घ्या. मापाचा भागाकार तोच राहतो, बाकी बरंच बदलतं. सह्याद्रीचा काळा पाषाण आडव्या थरांत बसलेला आहे, म्हणून उतार गोलसर न येता कडा, पायरी, कडा असे उतरतात. सावल्या आडव्या पट्ट्यांत पडतात. जनावरं त्या भागातली डांगी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. त्यांना वशिंड आणि पोळी दोन्ही द्यायची. श्रावणातल्या हिरव्यासाठी बर्न्ट सिएना कमी करा, पण अजिबात काढून टाकू नका.

मूळ चित्रं टेट, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर फुकट मोठी करून पाहता येतात. लंडनला राहणाऱ्यांनी नंतरच्या दोन ठिकाणच्या अभ्यासकक्षांत वेळ ठरवून जावं, कारण उजेडाने रंग उडतात म्हणून जलरंग कायम भिंतीवर टांगलेले नसतात. उजेडाने कोणकोणते जलरंग किती फिके पडतात हे रसेल आणि ॲब्नी या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून १८८८ च्या अहवालात मांडलं, तेव्हापासून संग्रहालयं सावध झाली. त्या काळच्या कित्येक चित्रांतली आकाशं आज तांबूस दिसतात, कारण करड्या मिश्रणातला नीळ उडून गेलाय आणि लाल माती तेवढी उरलीय. त्या तांबूसपणाची नक्कल करू नका.

चित्र बोर्डावरून काढायच्या आधी एक पूर्ण दिवस वाळू द्या. पात्याने टेपच्या आतून कापताना आधी वरची कड, मग तिच्या समोरची खालची, शेवटी उरलेल्या दोन. लागोपाठच्या कडा कापल्या तर कागद एका कोपऱ्याकडे ओढला जाऊन फाटू शकतो. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लविरहित आणि किमान ५ सेंमी रुंद. तिच्या जाडीमुळे काच रंगाला टेकत नाही. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका. पावसाळ्यात ओल मागून येते. बाहेरचीच भिंत असेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते.